उचल

बाजीराव रस्त्यावरच्या त्या इमारतीत
जाळीचं दार ओढताना बाबा म्हणायचे,
"बोटं आत."
अठ्ठावीस वर्षं. दोन शब्द, सहा मजले.
चौथ्यावर दातांचे डॉक्टर, पाचव्यावर वकील,
तिसऱ्यावर एक बाई व्हायोलिन शिकवायच्या,
तिथे दार उघडलं की अर्धा सूर आत शिरायचा
आणि तिकीट नसल्यासारखा
कोपऱ्यात उभा राहून आमच्याबरोबर वर यायचा.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय: लिफ्टमन.
गोडसराबाईंनी विचारलं, लिफ्टला मराठीत काय म्हणतात?
पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, उद्वाहन.
मी म्हणाले, उचल.
वर्ग हसला.
पण मला ठाऊक होतं ते एवढंच,
की दर जूनमध्ये बाबा मालकाकडून उचल आणायचे:
वह्या, दप्तर, दोघा भावंडांत एक रेनकोट,
आणि मग दिवाळीपर्यंत ती
पगारातून मजला मजला उतरत राहायची.

आमच्या वस्तीत या क्रियापदाला सुट्टी नसे.
सुदामच्या थोरल्याला पोलिसांनी उचललं,
त्यानं म्हणे कुणाची सायकल उचलली होती.
आईचं पाठदुखीचं जुनं दुखणं थंडीत उचल खायचं.
आत्या यायची, बोलायची, जायची,
आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची,
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
बाबांचे गुडघे गेले तेव्हा
काकांनी फोन उचलला नाही.

एकदाच बाबांनी हात उचलला.
मी दुपारी लिफ्टमध्ये एकटीच
वर खाली, वर खाली करत बसले होते,
आणि माझी रिबीन जाळीत अडकलेली.
केबल थांबवून, दार उघडून, धापा टाकत
त्यांनी आधी रिबीन सोडवली. मग हात उचलला.
तो माझ्या गालापर्यंत आलाच नाही.
दोन मजल्यांच्या मध्ये वीज जावी
तसा तिथेच राहिला.

पुढे पॉलिटेक्निकला सरांनी फळ्यावर
विमानाचा पंख काढला, बाण काढले.
वर दाब कमी, खाली दाब जास्त,
पंखाला वर ढकलणारं हे जे बळ, तीच लिफ्ट.
मी वहीत उतरवून घेतलं.
आमच्या गच्चीतल्या टाकीवर चढलं
की लोहगावकडची विमानं दिसायची, नखाएवढी.
आमच्याकडे दाब सगळा वरूनच असायचा.
गणित कुठे चुकलं ते तेव्हा कळलं.
सरांना मात्र काही विचारलं नाही.

आम्ही दत्तवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो.
जिना. त्रेपन्न पायऱ्या.
रात्री दहाला परतताना
बाबा वळणावर थांबायचे, कठड्याला धरून
हळूच म्हणायचे, "पहिला."
मग बऱ्याच वेळानं, "दुसरा."
कुणीच उतरणार नसताना.

आता तिथे बटणांची लिफ्ट आहे.
तिच्यात एक बाई मजल्यांची नावं इंग्रजीत सांगते,
तिला गुडघे नाहीत.
बाबांचं स्टूल त्यांनी घरी पाठवलं,
त्यावर आई मिक्सर ठेवते.

काल दांडेकर पुलाच्या सिग्नलला
मी स्कूटर थांबवली, तर फुटपाथवर
मेथीची पिशवी घेऊन, अंगठा दाखवत,
मला ओळखतच नसल्यासारखा एक माणूस.
"ताई, लिफ्ट देता का?"
"कितवा मजला?"
"तिसरा. पण खालीच सोडा, वरचं मी बघतो."

बसले. पिशवी मांडीवर घेतली.
मी म्हटलं, पाय आत.
मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला,
तोच, त्या दुपारी मध्येच थांबलेला,
इतक्या वर्षांनी तळाला येऊन टेकलेला.

मागे रिक्षावाला कोकलत होता.
सिग्नल केव्हाचा सुटला होता.